चंद्रपूरचा बंब

प्रत्येक मराठी घरात एक वीज निरीक्षक असतो. त्याची नेमणूक कुणी केलेली नसते, पगार नसतो, आणि निवृत्ती तर नसतेच. उलट बहुतेकांना हे पद निवृत्तीनंतरच मिळतं. आमच्याकडे ते अण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे आहे. संध्याकाळी सातनंतर ते घरातून एक फेरी मारतात. रिकाम्या खोलीत दिवा दिसला की दारात उभे राहून विचारतात, "कोण आहे रे आत?" आत कोणी नाही हे त्यांना दिसत असतंच. पण "कोणी नाही" हे उत्तर गुन्हेगाराच्या तोंडून यावं लागतं. ते आलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग दिवा काय भिंतीला वाचायला लावलाय?"

अण्णा तरुण असताना खोलीत साठ वॅटचा पिवळा बल्ब असायचा. त्या काळच्या पगाराकडे बघता हा राग रास्तच होता. पुढे ट्यूबलाइट आली, मग सीएफएल आले, २०१५ पासून उजाला योजनेतून एलईडी दिवे स्वस्तात घरोघर पोचले, आणि आता साठ वॅटचा उजेड नऊ वॅटमध्ये मिळतो. हिशेबानं पाहिलं तर अण्णांचा राग एक सप्तमांश व्हायला हवा होता. तो मात्र साठ वॅटचाच राहिला.

गंमत अशी की अण्णा हॉलमधल्या नऊ वॅटची झडती घेत असतात, त्याच वेळी न्हाणीघराबाहेरच्या बटणावर एक लाल ठिपका निवांत जळत असतो. तो गिझरचा. गिझर दोन हजार वॅटचा. म्हणजे एकटा गिझर चालू असणं म्हणजे असे सव्वादोनशे दिवे एकदम लावण्यासारखं आहे. आमच्या घरात तेवढ्या खोल्या असत्या तर अण्णांची फेरी पहाटेपर्यंत चालली असती. पण गिझर उजेड पाडत नाही, त्यामुळे तो डोळ्यांवर येत नाही. घरातला राग जे दिसतं त्यावर निघतो, आणि उष्णता दिसत नाही.

पाणी तापवणं इतकं महाग का, याचं उत्तर पाण्याच्या स्वभावात आहे. पाणी तापायला फार खळखळ करतं. एक लिटर पाणी एका अंशानं तापवायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्यात तेच एक लिटर पाणी ४२७ मीटर उंच उचलता येईल. उष्णता आणि श्रम यांचा हा विनिमय दर इंग्लंडातल्या जेम्स जूल नावाच्या गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकात पाणी घुसळघुसळून काढला. आता आपली बादली घ्या. थंडीतलं नळाचं पाणी वीस अंशांचं धरू आणि अंगावर घ्यायचं चाळीसचं. वीस अंशांची वाढ, म्हणजे ती बादली साडेआठ किलोमीटर वर नेण्याइतकी ऊर्जा. कळसूबाईवर कळसूबाई अशी पाच शिखरं रचायची आणि भरली बादली घेऊन माथ्यावर जायचं. वर अंघोळ करायची की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. रोज सकाळी घरातला प्रत्येक जण हा पराक्रम डोळे चोळत उरकतो आणि वर म्हणतो, "आज पाणी जरा कोमटच होतं."

विजेच्या भाषेत अठरा लिटरची ही बादली सुमारे ०.४२ युनिट खाते. चौघांचं घर असेल तर महिन्याला पन्नासेक युनिटं. हे बादलीचं झालं. शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहून गाणं म्हणणाऱ्याचा हिशेब वेगळा: मिनिटाला आठ लिटर धरलं तरी ऐंशी लिटर पाणी, म्हणजे पावणेदोन युनिटांहून जास्त. चार बादल्यांपेक्षाही अधिक, तेही एकट्याच्या अंगावर. आमच्याकडे हा एकटा म्हणजे माझा मुलगा. त्याच्या खोलीतला दिवा मात्र अण्णा न चुकता मालवतात.

अण्णांच्या लहानपणी हे सगळं प्रकरण एका तांब्याच्या भांड्यात मावत असे. बंब. आता तो हॉटेलांत दाराशी शोभेला उभा असतो, आत मनीप्लांट लावलेला. तरुण मंडळी त्याच्याशेजारी उभी राहून फोटो काढतात आणि हे फुलदाणीसाठीच घडवलंय असं समजतात. खरं तर बंब हे फार हुशार यंत्र होतं. पोटात मधोमध उभी नळी, तिच्या तळाशी जाळी, खाली राखेची जागा, आणि नळीभोवती सगळीकडून पाणी. उघड्या चुलीवर हंडा ठेवला की जाळ हंड्याच्या अंगाला चाटून वर निघून जातो; जुन्या चुलींतली जेमतेम दहा टक्के उष्णता भांड्यात पोचते. बंबात जाळच पाण्याच्या वेढ्यात सापडलेला. सुटायला वरचं तोंड तेवढं, आणि तिथं पोचेपर्यंत त्यानं बहुतेक ऐवज पाण्याच्या हवाली केलेला असे. आगगाडीच्या इंजिनाचा बॉयलर याच घराण्यातला. फरक एवढाच की त्यातल्या वाफेवर गाडी मुंबईला जायची आणि बंबातल्या पाण्यावर अण्णा शाळेला.

बंबाचं इंधन ही तर काटकसरीची शाळा होती. वखारीतून आणलेली बंबफोड हा मुख्य माल. वखारवाला ती वेगळ्या भावानं देई, कारण बंबाच्या नळीत मावतील अशा ढलप्या काढायला कष्ट जास्त. पण निव्वळ बंबफोडीवर बंब पेटवणारी बाई उधळी समजली जाई. नारळाची सोडणं, करवंट्या, सुताराकडचा भुसा, गोवरीचे तुकडे, मोडक्या खोक्याच्या फळ्या, सगळं बंबाच्या पोटात जाई. परीक्षा संपली की वह्या जात. नापास झालेल्याच्या वह्या जरा लवकर जात.

पाण्याचा हिशेबही बंब स्वतःच ठेवी. काही बंबांत वरच्या नरसाळ्यातून थंड पाणी ओतलं की ते तळाशी जाई आणि वरचं कढत पाणी तोटीतून बाहेर पडे. जेवढं न्यायचं तेवढं आधी ओतायचं. हौदावरून कळशी आणून ओतल्याशिवाय अंघोळ नाही म्हटल्यावर दहा मिनिटं गाणं म्हणायची हौस कुणाला राहील? शिवाय पाणी न भरता बंब पेटवला तर झाळ सुटे, बंब गळायला लागे, आणि कासार येईपर्यंत घरातली शांतताही गळत राही. घंगाळात कढत पाणी घ्यायचं, विसण घालायची, हाताच्या कोपरानं अंदाज घ्यायचा आणि पुढच्याला हाक मारायची. जाळ एकदा पेटला की ओळीनं सगळ्यांच्या अंघोळी उरकत. तापलेलं पाणी कुणाची वाट बघत बसलंय असं होतच नसे.

हे लिहिताना मला बरं वाटतंय, पण आईला वाचून दाखवलं तर तिला बरं वाटणार नाही. बंबाच्या आठवणी काढणारे बहुतेक जण अंघोळ करणाऱ्यांपैकी असतात, पेटवणाऱ्यांपैकी नसतात. पहाटे साडेचारला उठून ओल्या ढलप्यांवर फुंकणी धरणारी, धुरानं डोळे लाल करून घेणारी आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी चिंच लावून ते धूड चकचकीत करणारी बाई ही त्या यंत्राची खरी किंमत होती, आणि ती कुठल्याच बिलावर छापून येत नसे. आईनं गिझर आला त्या दिवशी बंब मोडीत काढला. वजनावर चांगले पैसे आले. अण्णा हळहळले, आईनं त्या पैशांतून मिक्सर घेतला.

पण बंब खरोखर गेला का? जरा मागोवा घेऊ. आमच्या गिझरमध्ये वीज येते ती कुठून? महाराष्ट्राची बरीच वीज अजून कोळशाची आहे, आणि त्यातलं मोठं केंद्र चंद्रपूरचं, २,९२० मेगावॅटचं. तिथं कोळसा जाळतात. कशासाठी? पाणी तापवण्यासाठी! त्या पाण्याची वाफ करायची, वाफेनं चक्र फिरवायचं, चक्रानं वीज काढायची, ती उंच मनोऱ्यांवरून शेकडो किलोमीटर आणायची, आणि कोथरूडच्या न्हाणीघरात तिनं काय करायचं? पाणी तापवायचं. या वळणावळणाच्या वाटेवर कोळशातली जवळजवळ दोन तृतीयांश उष्णता तिकडेच वाया जाते. चंद्रपूरकरांना उष्णतेची टंचाई आहे असं मेमधले आकडे तरी सांगत नाहीत. आपण बंब मोडीत काढला नाही; धूर, राख आणि फुंकणीसकट तो चंद्रपूरला नेऊन ठेवला आणि बटण तेवढं आपल्याकडे ठेवलं.

म्हणून दिव्याला किंवा पंख्याला वीज वापरणं निराळं आणि नुसत्या उष्णतेला वापरणं निराळं. गिझरच्या दुकानात विक्रेता पाच तारे दाखवून सांगतो, "हा वीज कमी खातो." खातो, पण कसा ते तो सांगत नाही. विजेची उष्णता करण्यात सगळे गिझर सारखेच तरबेज; त्यात एक तारा आणि पाच तारे असा भेद नाही. साठवणीच्या गिझरला तारे मिळतात ते तापलेलं पाणी किती वेळ गरम धरून ठेवतो यासाठी. म्हणजे त्या कौतुकाचा उपयोग गिझर तापवून विसरून जाणाऱ्यांनाच जास्त. तापवलं, लगेच अंघोळ केली आणि बटण बंद केलं, अशा घरात ते तारे नुसतेच चमकतात.

इथं आमच्या घरातल्या मोठ्या वादाकडे यावं लागेल. हिचं म्हणणं असं, की गिझर सारखा बंद-चालू केला तर पाणी पुन्हा पुन्हा पहिल्यापासून तापवावं लागतं, त्यापेक्षा चालूच ठेवलेला परवडतो. हे मत तिला तिच्या मामांकडून मिळालंय, आणि मामा इलेक्ट्रिकचे इंजिनिअर असल्यामुळे मी इतकी वर्षं गप्प होतो. पण मामांचा विषय विद्युत आणि हा प्रश्न उष्णतेचा. पाणी भोवतालापेक्षा जितकं गरम, तितकी त्यातली उष्णता झपाट्यानं निसटते. चालू ठेवलेला गिझर ही गळती दिवसभर भरून काढत बसतो. बंद केलेल्याची गळती पाणी निवेल तशी मंदावते. थंड झालेलं पाणी पुन्हा तापवायला जे लागतं ते या मंदावलेल्या गळतीइतकंच, त्याहून जास्त कधीच नाही. हे मी कागदावर आकृती काढून हिला दाखवलं. तिनं आकृती नीट पाहिली आणि म्हणाली, "मामांना विचारते."

पंधरा लिटरचा गिझर वीस अंशांवरून साठवर न्यायला वीसेक मिनिटं लागतात आणि सुमारे ०.७ युनिट. तेवढ्या विजेत अण्णांचा तो नऊ वॅटचा दिवा तीन दिवस आणि तीन रात्री अखंड जळू शकेल. आता काटा साठऐवजी पंचाहत्तरवर लावला तर काय होतं? पाणी जास्त तापतं, मग आपण त्यात नळाचं थंड पाणी मिसळतो आणि पुन्हा चाळीसवर आणतो. तोवर टाकी मात्र जास्त गळत राहते, आणि वरच्या अंशांत पाण्यातले क्षारही कॉइलवर जास्त बसतात. बोअरच्या पाण्याच्या सोसायट्यांत हे क्षार कवचासारखे जमतात, पाणी तापायला उशीर होतो, आणि शेवटी इलेक्ट्रिशियन येऊन "कॉइल गेली" असं गंभीर चेहऱ्यानं सांगतो. साठ अंश पुष्कळ झाले. फार खालीही जाऊ नये, कारण साठवलेल्या कोमट पाण्यात जंतूंना बरं वाटतं.

वसतिगृहातल्या पोरांचा रॉड हा या सगळ्यांत सरळमार्गी. बादलीत बुडवला की जवळजवळ सगळी उष्णता पाण्यात. गळती नाही, साठवण नाही, तारे नाहीत. दुर्गुण एकच, पण तो जिवावर बेतणारा आहे. बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय त्या पाण्यात बोट घालू नये. पाणी तापलं का ते बोटानं बघण्याची आपली पिढीजात सवय इथं विसरायची.

सोसायटीनं गच्चीवर सोलर बसवलं तेव्हा वाटलं, चला, चंद्रपूरच्या बंबाला थोडी सुट्टी. सोलरचं पाणी खरंच कढत येतं. फक्त ते आपल्याला हवं तेव्हा येत नाही. मे महिन्यात, जेव्हा पुणेकर माठातल्या पाण्यानं अंघोळ करायला तयार असतो, तेव्हा नळाला हात लावण्याची सोय नसते. जुलैत, जेव्हा टॉवेलसुद्धा चार दिवस वाळत नाही, तेव्हा सूर्य रजेवर आणि सोलरही. आणि खालच्या मजल्यांवर गच्चीतलं गरम पाणी पोचण्याआधी नळीतलं गार पाणी संपावं लागतं. तळमजल्यावरच्या जोशीकाकू त्यासाठी दोन बादल्या ठेवतात. गार पाण्यावर त्यांची झाडं, फरशी आणि भांडी सगळं निभतं. तिसऱ्या मजल्यावरचे लोक तेच पाणी मोरीत सोडून देतात आणि सभेत सोलरची तक्रार करतात. यात सोलरचा दोष नाही. नळ्यांना चांगलं जाड आवरण घातलं तर निम्मी तक्रार जाईल, असं मी दर वार्षिक सभेत सांगतो. दर सभेत तो मुद्दा "आयत्या वेळचे विषय" या सदरात जातो आणि तोवर बटाटेवडे आलेले असतात.

माझी आत्या २०२२ च्या हिवाळ्यात आतेभावाकडे इंग्लंडात होती. तिकडे प्रश्न बादलीचा नसून अख्ख्या घराचा. त्या ऑक्टोबरात गॅस आणि वीज इतकी महागली की सरकारला दरांची हमी द्यावी लागली, आणि त्या हमीनंतरही साधारण घराचा वर्षाचा खर्च अडीच हजार पौंड धरला होता. भावाच्या स्वयंपाकघरात एक छोटा पडदा होता, त्यावर आज किती पौंड जळले ते दिसे. आत्या तीन दिवस त्या पडद्यासमोर बसून होती. चौथ्या दिवशी तिनं विचारलं, "अरे, माणसं तीन आणि तापवताय सात खोल्या?"

मग तिनं कारभार हातात घेतला. रिकाम्या खोल्यांच्या रेडिएटरचे कान पिळून झाले. दाराखालच्या फटीतून वारा येतो म्हणून जुन्या लुगड्याची लांबट पिशवी शिवून, चिंध्या भरून तिथं आडवी टाकली. तशी पिशवी तिकडे दुकानात विकत मिळते हे कळल्यावर तिला इंग्रजांविषयी प्रथमच आदर वाटला. पुण्याहून नेलेल्या गोधड्या सोफ्यावर आल्या. फक्त रेडिएटरवर कपडे वाळत घालायला सुनेनं बंदी केली, कारण ओल घरातच राहते आणि भिंतींना बुरशी येते. सून बरोबर होती. आत्या दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बुरशी बघितली मी. तुझं खरं."

तिथला बॉयलर तपासायला आलेल्या माणसानं एक गोष्ट सांगितली ती आत्याला लगेच पटली. बॉयलर रेडिएटरना ऐंशी अंशांचं पाणी पाठवत होता. ते साठवर आणा, म्हणाला. कारण परत येणारं पाणी साधारण पंचावन्न अंशांच्या खाली असेल तरच धुरातल्या वाफेचं आत पाणी होतं आणि त्या वाफेतली उष्णता घराला मिळते. एरवी ती धुराड्यातून वर जाते. आत्या म्हणाली, "म्हणजे वैल." आपल्या चुलीला मुख्य तोंडाच्या बाजूला जो वैल असे, त्यावर निघून जाणाऱ्या जाळावर आमटी गरम राही, दूध तापे, आणि वेगळं लाकूड लागत नसे. भावानं काटा साठवर आणला. घर तापायला थोडा वेळ जास्त लागू लागला, बिल उतरलं.

आपली थंडी त्यांच्यापुढे काय! १९३५ च्या जानेवारीत पुण्यात पारा १.७ अंशांवर उतरला होता, त्यावर आम्ही अजून बोलतो. एरवी निफाडचा आकडा पेपरात वाचायचा, वेण्णा तलावाकाठी दवाचा बर्फ झाल्याचा फोटो बघायचा आणि कानटोपी घालून चहा घ्यायचा, एवढीच आपली थंडी. खोल्या तापवण्याची वेळ आपल्यावर येत नाही. म्हणूनच आपली उष्णतेची उधळपट्टी न्हाणीघरात दडून राहते आणि थेट बिलावर उगवते.

बिल आलं की अण्णा चष्मा पुसून घेतात. स्थिर आकार, वहन आकार, वीज आकार, १६ टक्के वीज शुल्क, सगळं मोठ्यानं वाचतात. थंडीत युनिटं तीनशेच्या वर गेली की हळहळतात, "आता सगळंच महागाच्या दरानं!" तसं नसतं. टप्पे शंभरपर्यंत, तीनशेपर्यंत, पाचशेपर्यंत आणि त्यापुढे असे असतात, आणि वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. पहिली तीनशे आपापल्या दरातच राहतात. पण याचाच दुसरा अर्थ असा, की वाचवलेलं प्रत्येक युनिट सर्वांत महागाच्या टप्प्यातून वजा होतं. डिसेंबरात ते वरचं युनिट बहुतेक घरी गिझरचंच असतं.

चौदा डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन. ऐन थंडीत, गिझरच्या भर हंगामात येतो. त्या सुमारास शाळांमध्ये चित्रस्पर्धा होतात आणि मुलं हमखास बल्ब काढतात: हसरा बल्ब, रडका बल्ब, झाडाला लटकलेला बल्ब. चित्रकलेच्या शिक्षकांना माझी नम्र विनंती आहे की यंदा मुलांना बादली काढायला सांगा, आणि शेजारी घड्याळ.